सीपीयू मोकळा, तरी ५२५० स्क्रीन अडकतात: आय५ ५२० वरची इंटरअ‍ॅक्टिव्ह मर्यादा

झुआरीपार

वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आयबीएमचा आय५ ५२० हा सर्व्हर आहे, जुन्या एएस/४०० चा वंशज. प्रोसेसर पॉवर५ प्लस, आवृत्ती एक्सप्रेस, ऑपरेटिंग सिस्टिम व्ही५आर४. साठा, खरेदी, गेटपास, बीजक सगळं आरपीजी भाषेतल्या जुन्या पॅकेजवर चालतं. साधारण ४५ स्क्रीन, ५२५० म्हणजे आयबीएमच्या हिरव्या मजकुरी टर्मिनलच्या, सगळ्या पीसी५२५० या पीसीवरच्या प्रोग्रामवरून. शिवाय हिशेबखात्याच्या एक्सेल शीट ओडीबीसी या डेटाबेस-जोडणीने डेटा ओढतात.

सकाळी साडेदहा ते एक या वेळेत, आणि महिनाअखेरीला दिवसभर, एन्टर मारल्यावर १५-२० सेकंद स्क्रीन हलत नाही. त्याच वेळी एक्सेलवाले मात्र निवांत. वर्कसिसस्टेट कमांडमध्ये एकूण सीपीयू ४०-४५ टक्के, डिस्क ५ टक्क्यांच्या आत, पेज फॉल्ट फारसे नाहीत. मेमरी आपोआप वाटणारी क्यूपीएफआरएडीजे सेटिंग चालू आहे. स्क्रीनची कामं चालतात त्या क्यूइंटर सबसिस्टिमला जास्त मेमरी देऊन पाहिली, फरक नाही.

पुरवठादाराचं म्हणणं, प्रोसेसरची ताकद वाढवणारा अ‍ॅक्सिलरेटर घ्या, मशीन तिप्पट वेगवान होईल. चवथीच्या आधी पगार आणि बोनसचं काम येतं, त्यापूर्वी व्यवस्थापनाला उत्तर द्यायचं आहे. घ्यावा का?

डिचोली_बिट

थांबा, ऑर्डर देऊ नका. आधी कागद बघा.

तुमच्या मशीनला सीपीडब्ल्यूचे, म्हणजे आयबीएमच्या ताकदमापाचे, दोन आकडे आहेत. पॉवर५ प्लस ५२० एक्सप्रेस म्हणजे १२००/६०. पहिला आकडा प्रोसेसरची एकूण ताकद, दुसरा ५२५० कामासाठी विकलेला वाटा. ६० भागिले १२०० म्हणजे ५ टक्के. तुमच्या ४५ माणसांच्या सगळ्या स्क्रीन मिळून सीपीयूचा विसावा भाग वापरू शकतात, उरलेला त्यांच्यासाठी नाहीच. एकूण सीपीयू ४० टक्के दिसत असताना स्क्रीन अडकते ती यामुळे.

आता अ‍ॅक्सिलरेटर. तो लावला की १२००/६० चं ३८००/६० होतं. दुसरा आकडा तसाच राहतो. बॅच (स्क्रीनशिवाय मागे चालणारी कामं), ओडीबीसी, वेब सगळं पळेल, आणि तुमच्या स्क्रीनचा वाटा ५ टक्क्यांवरून साधारण १.६ टक्क्यांवर येईल. काम तेवढंच होणार, फक्त टक्केवारी लहान दिसणार. पुरवठादार ‘तिप्पट’ म्हणतो ते पहिल्या आकड्यापुरतं खरं आहे, पण तुमची तक्रार दुसऱ्या आकड्याची आहे. हे व्यवस्थापनाला याच शब्दांत लिहून द्या.

आधी खात्री करून घ्यायची तर गर्दीच्या वेळेला वर्कअ‍ॅक्टजॉब लावा, एसबीएस (सबसिस्टिम) मध्ये क्यूइंटर द्या. एफ१० ने आकडेवारी शून्यावर आणा, पाच मिनिटं थांबा, मग एफ५. टाइप रकान्यात आयएनटी असलेल्या जॉबांची सीपीयू टक्केवारी बेरजेला घ्या. बेरीज ४.५ ते ५ च्या आसपास येऊन तिथेच घुटमळत असेल, माणसं वाढली तरी वर जात नसेल, तर मर्यादा लागली आहे. मधल्या वेळेत साइन ऑफ झालेले जॉब या बेरजेत येत नाहीत, त्यामुळे आकडा थोडा कमीच दिसतो.

दुसरी खूण वर्कसिसअ‍ॅक्टमध्ये. ५७२२पीटी१ हे परफॉर्मन्स टूल्सचं पॅकेज बसवलेलं असेल तर ही कमांड चालते. तिथे जॉबांबरोबर सिस्टिमची अंतर्गत टास्कही दिसतात. सीएफइंट०१, सीएफइंट०२ अशी नावं (मर्यादा पाळायला लावणारी टास्क) वरच्या ओळींत सीपीयू खाताना दिसली की संशय उरत नाही.

मांडवीतीर

पीटी१ नसेल तरी अडत नाही. आयसिरीज नॅव्हिगेटरमध्ये मॅनेजमेंट सेंट्रलखाली सिस्टिम मॉनिटर करता येतो. मेट्रिकच्या यादीत दोन सारखी नावं आहेत, ती वेगळी ओळखा: ‘सीपीयू युटिलायझेशन, इंटरअ‍ॅक्टिव्ह जॉब्ज’ आणि ‘सीपीयू युटिलायझेशन, इंटरअ‍ॅक्टिव्ह फीचर’. पहिल्यात एकूण सीपीयूचा टक्का मिळतो, म्हणजे तुमच्याकडे तो ५ च्या घरात दिसेल. दुसऱ्यात विकत घेतलेल्या वाट्याचा किती भाग वापरला ते दिसतं. तो १०० ला टेकला किंवा ओलांडून गेला की झालं. दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवून तीन-चार दिवस नोंद करा, एक दिवस महिनाअखेरीचा असू दे. व्यवस्थापनासमोर ठेवायला हा आलेख पुरतो.

झुआरीपार

देव बरें करूं, दोघांनाही. आज अकरा वाजता बघितलं. आयएनटीची बेरीज ४.८ वर अडून बसली आहे. पण मला कळत नाही, असा अडसर कंपनीनेच का घालावा? आणि पॉवर५ च्या आधीही हे होतं का?

डिचोली_बिट

आधीपासूनच आहे. एएस/४०० जून १९८८ मध्ये आलं ते मुळात टर्मिनलवर बसून काम करणाऱ्यांसाठीच. पुढे नव्वदच्या दशकात क्लायंट-सर्व्हरचं वारं आलं, युनिक्स आणि विंडोज एनटीची मशीन स्वस्तात मिळू लागली. त्यांच्या किमतीशी टक्कर द्यायची तर दर उतरवणं भाग होतं, पण टर्मिनलवाल्या जुन्या गिऱ्हाइकाकडून मिळणारा पैसाही सोडायचा नव्हता. म्हणून ‘सर्व्हर’ मॉडेलं निघाली: बॅच आणि नेटवर्क कामाला भरपूर ताकद, स्क्रीनला थोडीशी. स्क्रीनची ताकद हवी असेल तर तिचं फीचर वेगळं विकत घ्यायचं. जगभरच्या वापरकर्त्यांनी याला इंटरअ‍ॅक्टिव्ह टॅक्स म्हटलं, आणि माझ्या मते ते नाव योग्यच आहे. हार्डवेअर तेच, विजेचा खर्च तोच. फक्त कामाच्या प्रकारावर दर बदलतो.

१९९८ च्या मॉडेल १७० ची काही उदाहरणं घ्या. प्रोसेसर फीचर २२८९ ला ५०/१५, २२९० ला ७३/२०, २२९१ ला ११५/२५, २२९२ ला २२०/३०. वर चढत जाताना पहिला आकडा चौपटीहून जास्त वाढतो, दुसरा जेमतेम दुप्पट होतो. मोठं मशीन घेऊनही स्क्रीन सुटत नाही हे या चार ओळींतच दिसतं. १७० आणि त्या काळच्या सर्व्हरांवर त्रासही मोठा होता. मर्यादा ओलांडली की सीएफइंट उरलेला सीपीयू गिळायचं आणि बॅचसुद्धा रखडायचं. पुढच्या पिढ्यांत तीव्रता बदलत गेली, तत्त्व तेच राहिलं.

२००३ च्या ८२५, ८७०, ८९० वर स्टँडर्ड आणि एंटरप्राइज अशा दोन आवृत्त्या आल्या. स्टँडर्डमध्ये ५२५० साठी शून्य, म्हणजे प्रशासकाच्या कामापुरती एखादी स्क्रीन. एंटरप्राइजमध्ये पूर्ण प्रोसेसर मोकळा. लहान ५२० वर मात्र ३० किंवा ६० असा ठरलेला वाटा ठेवला. एप्रिल २००७ च्या ५१५ आणि ५२५ वर आकारणी माणसांच्या संख्येवर आली आणि तिथे ही मर्यादा सुटली. तुमचं मशीन त्या बदलाच्या अगदी उंबरठ्यावरचं.

पेडणे_नोड

एक सोपा उपाय सुचवू? क्यूइंटरच्या रूटिंग एन्ट्री (जॉब कसा चालवायचा ते ठरवणाऱ्या नोंदी) बदलून सगळे स्क्रीन जॉब वेगळ्या सबसिस्टिममध्ये पाठवा, क्लास बॅचचा द्या, प्रायॉरिटी ५०. मग ते बॅच म्हणून मोजले जातील.

मांडवीतीर

नाही मोजले जाणार, भाई. हा सल्ला बऱ्याच ठिकाणी फिरतो, म्हणून नीट लिहिते.

मोजणी सबसिस्टिमच्या नावावर होत नाही, क्लासवर नाही, प्रायॉरिटीवरही नाही. ज्या जॉबला ५२५० चं डिस्प्ले उपकरण जोडलेलं आहे त्या जॉबचा सगळा सीपीयू इंटरअ‍ॅक्टिव्ह धरला जातो. जुना ट्विनअ‍ॅक्स टर्मिनल असो, टेलनेट असो, पीसी५२५० असो, की दुसऱ्या मशीनवरून पासथ्रूने आलेली स्क्रीन असो. ब्राउझरमध्ये हिरवी स्क्रीन रंगीत करून दाखवणारी साधनं आतून टेलनेट ५२५० च वापरत असतील तर तीही यातच आली.

‘सगळा सीपीयू’ हे महत्त्वाचं. त्या जॉबला स्क्रीन दाखवायला वेळ जवळजवळ लागतच नाही. पण त्याच जॉबमधून लाखभर रेकॉर्ड वाचून बेरीज काढली तर ती बेरीजही इंटरअ‍ॅक्टिव्ह. एसटीआरएसक्यूएलमध्ये टाकलेली क्वेरी, स्क्रीनवरून थेट चालवलेलं सीएल (कमांडांचा प्रोग्राम), जागेवर केलेलं कंपाइल, सगळं. उलट ओडीबीसी-जेडीबीसीचे क्यूझेडडीएएसओआयएनआयटी जॉब, एचटीटीपी सर्व्हरचे जॉब, सबमिट केलेले जॉब या हिशेबात नाहीत. तुमच्याकडे एक्सेलवाले निवांत आहेत ते याचमुळे.

प्रायॉरिटी ५० केलीत तर उलट नुकसान: मर्यादा तीच, आणि स्क्रीन बॅचच्या मागे रांगेत.

म्हणून काम करायचं ते एकाच दिशेने. स्क्रीनच्या जॉबमधून जड काम बाहेर काढायचं.

सांगे_वाट

कुठून सुरू करायचं ते सांगतो, कोडला हात न लावता होणारं आधी.

क्वेरी/४०० हे अहवाल काढायचं साधन वापरणारे बघा. वर्कक्यूआरवाय मध्ये पर्याय ९ म्हणजे जागेवर चालव, ८ म्हणजे बॅचमध्ये चालव. माणसं सवयीने ९ दाबतात. ज्या क्वेऱ्या रोज चालतात त्यांच्यासाठी मेनूत एसबीएमजॉब (काम बॅचला सोपवणारी कमांड) घातलेला पर्याय द्या म्हणजे ९ दाबायची वेळच येणार नाही. शिवाय सीएचजीक्यूआरवायए ने त्या वापरकर्त्यांच्या जॉबला क्यूआरवायटीआयएमएलएमटी लावा, समजा ३० सेकंद. अंदाजे वेळ त्याहून जास्त निघाला की क्वेरी सुरू होण्याआधीच सीपीए४२५९ निरोप येतो. मर्यादा सरसकट सिस्टिम व्हॅल्यूने लावू नका. रात्रीचे बॅच जॉबही त्यात अडकतील आणि सकाळी अर्धवट अहवाल हाती येतील.

प्रोग्रामर पीडीएम या कोड सांभाळायच्या साधनात असतील तर एफ१८ दाबून ‘कंपाइल इन बॅच’ वाय आहे का बघा. एकाने जागेवर मोठा प्रोग्राम कंपाइल केला तर ६० सीपीडब्ल्यूतला मोठा घास तोच घेतो.

ऑपरेटरने वर्कअ‍ॅक्टजॉब उघडं ठेवून दर काही सेकंदांनी एफ५ मारणं बंद करा. ती कमांड स्वतःच जड आहे आणि तीही स्क्रीनच्याच वाट्यातून खाते.

एसबीएमजॉब वाढवले की पुढची अडचण येते: क्यूबॅच सबसिस्टिममध्ये क्यूबॅच जॉबक्यूला मॅक्सअ‍ॅक्ट १ असतो, येतानाच तसा. एक लांब अहवाल सुरू झाला की मागचे दहा छोटे अहवाल थांबतात आणि लोक परत स्क्रीनवर चालवायला लागतात. सीएचजीजॉबक्यूई ने ३ करा, किंवा छोट्या कामांना वेगळी जॉबक्यू द्या. मी वेगळी जॉबक्यूच सांगेन. ३ केल्याने कधी एकाच फाइलवर चालणारे दोन जॉब एकमेकांत अडकतात, वेगळी क्यू असली की कोणतं काम कुठे जातं ते ताब्यात राहतं.

झुआरीपार

क्वेरीचा मुद्दा लगेच लागू पडतो, खरेदीखात्यात सगळे ९ च दाबतात. पण आमचा सगळ्यात जड प्रोग्राम गेटपासचा आहे. गाडी गेटवर उभी असते, स्क्रीनवर पार्टी निवडली की त्या पार्टीच्या सगळ्या शिल्लक ऑर्डरी दिसतात. उत्तर तिथल्या तिथे हवं, सबमिट करून चालणार नाही.

मांडवीतीर

हे प्रकरण दोन भागांत सुटतं.

पहिला भाग: प्रोग्राम विनाकारण किती खातो ते तपासा. एका जॉबमध्ये एसटीआरडीबीजी लावा, युपीडीपीआरओडी वायइएस द्या, मग प्रोग्राम चालवून जॉबलॉग वाचा. त्यात ओपीएनक्यूआरवायएफ किंवा एसक्यूएल असेल तर ऑप्टिमायझर स्वतः निरोप टाकतो. सीपीआय४३२१ दिसला म्हणजे दर वेळी तात्पुरता अ‍ॅक्सेस पाथ (इंडेक्स) बांधला जातोय. सीपीआय४३२९ दिसला म्हणजे फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली जातेय. दोन्हींवर उपाय एकच, योग्य कीचं लॉजिकल किंवा इंडेक्स कायमचं करून ठेवणं. शिल्लक ऑर्डरींसाठी पार्टी कोड, स्थिती, ऑर्डर तारीख अशी की बहुधा पुरेल.

मग सबफाइल, म्हणजे स्क्रीनवर दिसणारी ओळींची यादी. जुन्या प्रोग्रामांत बऱ्याचदा पूर्ण सबफाइल आधी भरतात आणि मग पहिलं पान दाखवतात. १४ ओळी बघायला नऊ हजार रेकॉर्ड वाचले जातात. एसएफएलएसआयझेड (सबफाइलचा आकार) आणि एसएफएलपीएजी (एका पानावरच्या ओळी) सारखे ठेवून एका वेळी एकच पान भरा. पेज डाउन आणि पेज अप प्रोग्रामला स्वतः सांभाळावे लागतात, पहिल्या आणि शेवटच्या रेकॉर्डची की जपून ठेवायची. मागे जाणं प्रोग्राममध्ये लिहायचं नसेल तर एसएफएलएसआयझेड एकाने जास्त ठेवा आणि पान मागून पान जोडत जा, ते लिहायला सोपं. एवढ्यानेच गेटपासची स्क्रीन सुटण्याची शक्यता मोठी आहे. डेटा क्यू, म्हणजे जॉबांनी एकमेकांना निरोप द्यायची रांग, तिच्याकडे त्यानंतरच वळा.

डिचोली_बिट

ताईंनी सांगितलेलं आधी करा, मग हे.

डेटा क्यूची रचना अशी. स्क्रीनचा जॉब फक्त विचारतो आणि दाखवतो. हिशेब मागे बसलेला बॅच जॉब करतो. दोन क्यू लागतात. एक विनंतीची, सीआरटीडीटीएक्यू, साधी, मॅक्सलेन ५१२. दुसरी उत्तराची, एसईक्यू कीड, कीलेन २६. की म्हणजे विचारणाऱ्या जॉबची ओळख: नाव १०, वापरकर्ता १०, क्रमांक ६. विनंतीत ही ओळख आधी, पार्टी कोड नंतर. स्क्रीनचा प्रोग्राम क्यूएसएनडीडीटीएक्यूने विनंती टाकतो आणि क्यूआरसीव्हीडीटीएक्यूवर स्वतःच्या कीसाठी थांबतो. थांबताना सीपीयू लागत नाही. थांबण्याची वेळ उणे १ देऊ नका. मागचा जॉब मेला तर स्क्रीन कायमची लटकेल. ३० सेकंद द्या, उत्तर नाही आलं तर ‘पुन्हा प्रयत्न करा’ असा निरोप दाखवा. पुन्हा विचारण्याआधी आपल्या कीवर उशिरा आलेलं जुनं उत्तर काढून टाका, नाहीतर दुसऱ्या पार्टीच्या ऑर्डरी स्क्रीनवर येतील. गेटवर ती चूक महागात पडेल.

मागचे जॉब दोन ठेवा, स्वतःच्या सबसिस्टिममध्ये ऑटोस्टार्ट करून. प्रायॉरिटी क्यूबॅचची ५० ठेवलीत तर रात्रीच्या अहवालांबरोबर झगडावं लागेल. सीआरटीसीएलएसने वेगळा क्लास करा, आरयूएनपीटीवाय २२ द्या. बंद करताना एन्डजॉब मारू नका, विनंतीच्या क्यूत ‘एन्ड’ असा ठरलेला शब्द जॉबागणिक एकदा टाका.

चुकतं कुठे? लायब्ररी लिस्ट, क्यूटेम्प (जॉबची तात्पुरती लायब्ररी), एलडीए (जॉबची खासगी डेटाजागा), ओव्हरराइड यातलं काहीही मागच्या जॉबला आपोआप मिळत नाही, लागेल ते विनंतीतून पाठवा. स्क्रीनच्या जॉबने एखादा रेकॉर्ड अपडेटसाठी धरून ठेवला आणि मागच्या जॉबनेही तोच मागितला तर वेटआरसीडीचे ६० सेकंद संपून आरपीजीला स्टेटस १२१८ मिळतो. तोवर दुसऱ्या सगळ्यांच्या विनंत्या अडकतात. म्हणून मागच्या जॉबने फक्त वाचावं, लिहिण्याचं काम स्क्रीनकडेच राहू द्या, ते हलकं असतं. आणि एखादी विनंती बिघडलेली आली तर जॉब एमएसजीडब्ल्यूमध्ये, म्हणजे निरोपाच्या उत्तराची वाट बघत, उभा राहतो. मॉनएमएसजी आणि मॉनिटर ब्लॉक घाला, विनंती नोंदवून पुढे जा.

पेडणे_नोड

रूटिंगबद्दल समजलं, धन्यवाद. असे अडसर इतरत्रही आहेत हे आठवलं. मायक्रोसॉफ्टच्या एमएसडीई २००० या मोफत डेटाबेसमध्ये वर्कलोड गव्हर्नर होता, एकाच वेळी आठाहून जास्त कामं चालू झाली की मुद्दाम संथ व्हायचं. डीबीसीसी कॉन्करन्सीव्हायोलेशनने ते किती वेळा झालं ते बघता यायचं. २००५ च्या एसक्यूएल एक्सप्रेसमध्ये तो गव्हर्नर काढला आणि त्याऐवजी एक सीपीयू, १ जीबी मेमरी, ४ जीबी डेटाबेस अशा मर्यादा आल्या. पण एक विचारतो: आय५ च्या या स्क्रीन-मर्यादेला चकवणारी साधनं मिळतात असं ऐकलं आहे. ती वापरली तर?

सांगे_वाट

नका वापरू. तो वाटा करारात लिहिलेला आहे, तो मोडून चालवलेल्या मशीनला आधार कोण देणार? शिवाय अशी साधनं परवानाकृत अंतर्गत कोडच्या आत हात घालतात. पुढचा पीटीएफ (आयबीएमची सॉफ्टवेअर-दुरुस्ती) लावला की ती बंद पडतात किंवा मशीनच उठत नाही. मग पीटीएफ लावायचेच सोडतात लोक, आणि ते त्याहून वाईट.

झुआरीपार

क्रम लिहितो, चूक असेल तर सांगा. या आठवड्यात मॉनिटरचे आलेख आणि क्वेरीचे ९ बंद. पुढच्या आठवड्यात गेटपासची सबफाइल आणि इंडेक्स. त्यानंतरही फीचरचा टक्का शंभरला लागला तरच डेटा क्यू. अ‍ॅक्सिलरेटर नाही.

व्यवस्थापन एक विचारतंय: मुंबईच्या एका दलालाकडे वापरलेलं दुसरं ५२० स्वस्तात आहे, तेही एक्सप्रेसच. ते घेऊन काम दोघांत वाटलं तर?

डिचोली_बिट

क्रम बरोबर आहे. इंडेक्स गर्दीच्या वेळेत बांधू नका, रविवारी करा.

दुसऱ्या ५२० चं म्हणाल तर दोन मशीन, दोन साठे, दोन बॅकअप, आणि गेटपास एकीकडे तर बीजक दुसरीकडे. आणखी ६० सीपीडब्ल्यूसाठी हा व्याप परवडणार नाही. वापरलेलंच घ्यायचं असेल तर ५१५ किंवा ५२५ शोधा, तिथे ५२५० ची मर्यादा नाही. पण वापरकर्त्यांचे परवाने किती आहेत आणि ते त्या मशीनच्या सिरीयल क्रमांकावर नोंदलेले आहेत का, हे दलालाकडून लेखी घ्या. मशीन चालू करून क्यूपीआरसीएफईएटीची (प्रोसेसर फीचरची) व्हॅल्यू आणि वर्कएलआयसीआयएनएफची (परवान्यांची) स्क्रीन तुमच्या समोर दाखवायला सांगा. पॅकेजची परवाना-की तुमच्या सध्याच्या सिरीयलला बांधलेली असेल तर नवीन की कोण देणार आणि किती दिवसांत, तेही पैसे देण्याआधी विचारून ठेवा.